‘सिली’ : एका इंग्रजी विशेषणाचा अर्थ व उगम

(पाठासाठी वाचावयाचे शास्त्रभाग : होशेय ७:११, मत्तय १०:१६, २ तीमथ्य १:५ व ३:६, स्तोत्र ११६:६, नीतिसूत्रे १४:१५)



उपदेशकांच्या मागील मासिक वर्गात शास्त्रपाठ संपल्यावर एका उपदेशक बंधूंनी आपल्या घरची एक गोष्ट सांगितली. त्यांची कन्या तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकते. सुटीत ती घरी आली असता आजीबरोबर आठवड्याच्या बाजारास गेली. आजीने मिरची घेतली, पैसे दिले, परंतु काट्याकडे पाहिले नाही. घरी येऊन मुलीने मिरची मोजली, तो ती पावशेराने कमी भरली. मुलगी हसून म्हणाली, “आजी, तू अगदी सिली आहेस.” आजीने विचारले, “म्हणजे काय गं?” मुलगी जराशी ओशाळली आणि म्हणाली, “म्हणजे भोळी.” त्यावर आजीबाई खुशीत येऊन म्हणाल्या, “मग बरे झाले. देव भोळ्यांचाच असतो.”

उपदेशक बंधूंचा प्रश्न असा होता : मुलीने सांगितलेला अर्थ खरा की खोटा? शाळेच्या पुस्तकात तर ह्या शब्दाचा अर्थ ‘मूर्ख’ असा दिला आहे. आणि इंग्रजी शास्त्राच्या इ. स. १६११ च्या जुन्या भाषांतरात होशेयाच्या सातव्या अध्यायी एफ्राइमास पारव्याची उपमा देऊन हेच विशेषण लाविले आहे, त्याचा अर्थ कसा घ्यावा?

त्या दिवशी मी थोडक्यात उत्तर दिले. परंतु प्रश्न मोठा आहे, आणि तो केवळ इंग्रजी शिकणाऱ्यांचा नाही. म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम शब्दाचे मूळ पाहू. सुमारे हजार वर्षांपूर्वी इंग्लंडात जी भाषा बोलत, तीत ‘सॅलिग’ असे एक विशेषण होते. ‘सॅल’ म्हणजे सुवेळ, सुदैव, सुख. ज्याला अशी सुवेळ लाभली तो ‘सॅलिग’, म्हणजे भाग्यवान, सुखी. आणि ख्रिस्ती लोकांच्या तोंडी, देवाचा आशीर्वाद पावलेला. आपल्या ‘धन्य’ शब्दाची घडण अशीच आहे. त्याच्या मुळाशी ‘धन’ आहे. ज्याला धन लाभले तो धन्य, आणि पुढे ज्याला देवाची कृपा लाभली तो धन्य. दोन्ही भाषांनी संसारातील भाग्याचा शब्द घेऊन तो आत्मिक भाग्यास लाविला.

जर्मन भाषा ही इंग्रजीची सख्खी बहीण. तिच्यात हाच शब्द ‘झेलिख’ असा उच्चारतात, आणि तेथे त्याचा मान आजही गेलेला नाही. मार्टिन ल्यूथर ह्याने इ. स. १५२२ मध्ये नव्या कराराचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात डोंगरावरील प्रवचनाच्या आरंभी, जेथे आपल्या मराठी शास्त्रात ‘धन्य’ आहे, तेथे हाच ‘झेलिख’ शब्द आहे. जर्मन माणूस आपल्या दिवंगत आईबापांचा उल्लेख करितानाही हे विशेषण लावितो, जसे आपण ‘कैलासवासी’ किंवा ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’ म्हणतो. तात्पर्य, एकाच घरातून दोघी बहिणी निघाल्या. एकीच्या घरी शब्द ‘धन्य’ राहिला, दुसरीच्या घरी ‘मूर्ख’ झाला.

हे कसे झाले? एका दिवसात झाले नाही, आणि कोणी ठरवूनही केले नाही. धन्य कोणास म्हणावे? संतास, हुतात्म्यास, तान्ह्या लेकरास. लेकरू निष्पाप असते, म्हणून ‘सीली’ (मधल्या काळात उच्चार असा झाला होता) म्हणजे निष्पाप, निरुपद्रवी. परंतु जो निरुपद्रवी, त्याला ह्या जगात कोणीही लुबाडतो. म्हणून ‘सीली’ म्हणजे बिचारा, बापुडा. जो बापुडा तो दुबळा. इंग्रज कवी मेंढरास हे विशेषण फार लावीत, ते ह्याच अर्थाने. दुबळा, खेडवळ, अक्षरशून्य, साधा, असे करीत करीत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो शब्द ‘अक्कल नसलेला’ येथवर येऊन पोहोचला.

आपल्या भाषेतही हा उतार आहे. साधा, भोळा, भाबडा, भोळसट, बावळा, खुळा. हे शब्द ओळीने म्हणून पाहा. पहिल्या शब्दात आदर आहे, शेवटच्यात तिरस्कार. मध्ये कोठे आदर संपला आणि तिरस्कार सुरू झाला, हे बोट ठेवून दाखविता येईल काय? ‘गरीब’ हा शब्द पाहा. अरबी भाषेत त्याचा अर्थ परका, परदेशी. परक्या गावी ज्याचे कोणी नाही तो निर्धन असावयाचा, म्हणून आपल्याकडे गरीब म्हणजे निर्धन झाला. आणि निर्धन मनुष्य मान खाली घालून राहतो, म्हणून ‘ती स्वभावाने फार गरीब आहे’ असेही आपण म्हणतो. लोक मनुष्याशी जसे वागतात तसा शब्दाचा अर्थ होत जातो.

ह्याचे एक नवल वाटावे असे उदाहरण आपल्या देशाच्या इतिहासात आहे. ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकात होऊन गेलेल्या अशोक राजाने आपल्या शिलालेखांत स्वतःस ‘देवानांप्रिय’ म्हणविले आहे, म्हणजे देवांचा आवडता. त्याच्या लेखाचा एक तुकडा आपल्या वसईजवळ सोपारा येथे इ. स. १८८२ मध्ये सापडला. ही मोठ्या मानाची पदवी होती. सिंहलद्वीपाचा राजा तिस्स ह्यानेही ती धारण केली. परंतु पुढे संस्कृत पंडितांच्या व्यवहारात ‘देवानांप्रिय’ म्हणजे मूर्ख असा अर्थ रूढ झाला, आणि सतराव्या शतकातील भट्टोजी दीक्षितांनी आपल्या ‘सिद्धान्तकौमुदी’त तो अर्थ नोंदला आहे. बौद्ध राजाच्या द्वेषामुळे असे झाले, असे काहींचे मत. काहींस ते मान्य नाही. कारण काहीही असो, इंग्लंडात ‘आशीर्वादित’ मूर्ख ठरला आणि हिंदुस्थानात ‘देवाचा आवडता’ मूर्ख ठरला. दोन्ही देशांचे एकमेकांशी दळणवळण नसता ही गोष्ट घडली.

मधल्या पायरीवर हा शब्द कसा उभा होता, हे पाहावयाचे असल्यास चौसर कवीकडे जावे लागते. हा कवी इ. स. १४०० मध्ये वारला. त्याच्या ‘कँटरबरीच्या कथां’मध्ये एका सुताराची कथा आहे. ती सबंध कथा मंडळीत वाचण्याजोगी नाही. परंतु तिच्यातील एक प्रसंग उपदेशकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ह्या सुताराच्या घरी एक शिकलेला तरुण भाड्याने राहत असे. त्याचे मन शुद्ध नव्हते. त्याने सुतारास सांगितले की, नोहाच्या काळी आला होता तसा जलप्रलय पुनः येणार आहे, हे मला ताऱ्यांवरून कळले. तरी आढ्याला मोठाली पिंपे टांगून त्यांत बसावे. सुताराने पिंपे टांगली, भाकरी व पेय बरोबर घेतले, आणि रात्री त्यांत जाऊन निजला. पुढे त्याची फजिती झाली, हात मोडला, आणि सर्व गाव त्यास हसला. चौसर ह्या सुतारास वारंवार ‘सीली’ म्हणतो. त्यास त्याची कीव येते की तो हसतो आहे? मला वाटते, दोन्ही.

आता ह्यातील मर्म पाहा. हाच सुतार त्यापूर्वी मोठ्या अभिमानाने म्हणतो की, ज्या अडाणी मनुष्यास आपल्या विश्वासांगीकारापलीकडे काही ठाऊक नाही तो धन्य. म्हणजे त्या आजीबाईंचेच वाक्य! परंतु जर त्यास उत्पत्तीचा नववा अध्याय ठाऊक असता, तर पृथ्वीचा नाश करण्यास पुनः जलप्रलय येणार नाही असा देवाने नोहाशी करार केला आहे, हे त्या तरुणाच्या तोंडावर सांगता आले असते. शास्त्राचे नाव घेऊन त्यास फसविले, आणि शास्त्र ठाऊक नसल्यामुळे तो फसला. त्या काळी सामान्य इंग्रजाच्या हाती त्याच्या भाषेतील शास्त्र नव्हते. हा दोष त्या सुताराचा एकट्याचा नव्हे. आपल्या हाती ते आहे. आपल्या खेड्यांतून आजही कोणी येऊन म्हणतो की, अमुक दिवशी जगाचा अंत आहे, तरी शेत विका आणि आमच्याबरोबर चला. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाने अशा मनुष्याच्या सांगण्यावरून बैलजोडी विकली.

त्या सुताराच्या तोंडी ‘अडाणी’ ह्या अर्थाचा जो इंग्रजी शब्द आहे, त्याचीही गती सांगण्यासारखी आहे. तो ‘ल्यूड’. त्याचा मूळ अर्थ एवढाच की, जो पाळक किंवा धर्माधिकारी नाही तो, म्हणजे मंडळीतील सामान्य मनुष्य. मग अक्षरशून्य, मग हलका, आणि शेवटी निर्लज्ज व बीभत्स. खेड्यातला तो ‘ग्राम्य’ आणि ग्राम्य म्हणजे असभ्य, हे आपल्या विद्वानांनीही केलेच आहे. लेखणी ज्यांच्या हाती होती, त्यांनी अक्षरशून्यांची विशेषणे ठरविली.

तथापि सर्वच शब्द खाली जातात असे नाही. ‘नाइस’ हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ ‘ज्याला काही ठाऊक नाही असा’. इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असा होता, आणि आज मुले चहालाही नाइस म्हणतात. मूर्ख वर चढला आणि धन्य खाली उतरला! असो.

आता शास्त्राकडे वळू. होशेयाच्या सातव्या अध्यायी जो मूळ इब्री शब्द आहे, त्याच्या मुळाशी ‘उघडे असणे’ हा भाव असावा असे कोशकार मानतात. ज्या घराचे दार सदा उघडे, त्यात कोणीही शिरावे, तसे ज्याचे मन. एफ्राइम म्हणजे इस्राएलाचे उत्तरेकडील राज्य. ते कधी अश्शूराच्या राजास खंडणी देई (मनहेम राजाने हजार किक्कार रुपे दिले, २ राजे १५:१९), तर कधी मिसरी राजाकडे जासूद पाठवी (२ राजे १७:४). ह्या फांदीवरून त्या फांदीवर उडणाऱ्या पारव्यासारखी त्याची स्थिती होती. ख्रिस्तापूर्वी ७२२ च्या सुमारास शोमरोन नगर पडले आणि ते राज्य बुडाले. संदेष्ट्याने त्यास भोळे म्हटले ते कौतुकाने नव्हे. म्हणून येथे इंग्रजी शब्दाचा आजचा अर्थ घेण्यास हरकत नाही.

परंतु ह्याच घराण्यातला इब्री शब्द ११६ व्या स्तोत्राच्या सहाव्या वचनात आहे, आणि तेथे परमेश्वर अशाच भोळ्यांचे रक्षण करितो असे स्तोत्रकर्ता स्वानुभवाने सांगतो. आणि नीतिसूत्रे १४:१५ येथे तोच शब्द असून, भोळा मनुष्य ऐकलेल्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवितो आणि शहाणा पाऊल पाहून टाकितो, असे म्हटले आहे. म्हणजे शास्त्रात भोळ्यास अभयही आहे आणि कानउघाडणीही आहे. मन उघडे आहे खरे. पण ते कोणाकडे उघडे, हा प्रश्न.

तीमथ्याच्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायी जुन्या इंग्रजी भाषांतराने काही स्त्रियांस ‘सिली’ म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘लहानशा बायका’ असा हेटाळणीचा आहे. नंतरच्या काही भाषांतरांत तेथे दुर्बल किंवा सहज फसणाऱ्या अशा अर्थाचे शब्द आहेत. हे वचन घेऊन स्त्रीजातीस नावे ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी पाने उलटण्याचे श्रम घ्यावे. पौलाचा मुख्य रोख त्या स्त्रियांवर नसून, घरांत हळूच शिरून त्यांस वश करणाऱ्या ढोंगी उपदेशकांवर आहे. आणि त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायी, पाचव्या वचनात, तीमथ्याचा विश्वास प्रथम कोणात होता म्हणून सांगितले आहे? त्याची आजी लोईस हिच्यात, आणि मग त्याची आई युनीके हिच्यात.

आता मत्तय १०:१६. प्रभू आपल्या शिष्यांस लांडग्यांमध्ये पाठवीत आहे, आणि येथेही उपमा कबुतराचीच आहे. परंतु येथील ग्रीक शब्द निराळा : ‘अकेराइओस’, म्हणजे ज्यात काही मिसळलेले नाही असा. ज्या द्राक्षारसात पाणी घातले नाही, ज्या धातूत हिणकस घातले नाही, त्यास हे विशेषण लावीत. आपल्या भाषेत सांगावयाचे तर निर्भेळ. गवळी पाणी घालीत नाही ते दूध. नव्या करारात हा शब्द आणखी दोनच ठिकाणी आहे, रोमकरांस १६:१९ आणि फिलिप्पैकरांस २:१५. होशेयाचा पारवा आणि प्रभूचे कबुतर दिसावयास एकच पक्षी. पण पहिल्याला अक्कल नाही, आणि दुसऱ्यात कपट नाही. अक्कल नसणे आणि कपट नसणे ह्या दोन गोष्टी जगाने एक केल्या, म्हणून इंग्रजांचा तो सुंदर शब्द बिघडला. प्रभूने त्या एक होऊ दिल्या नाहीत, कारण कबुतराच्या शेजारीच त्याने सर्प ठेविला आहे.

येथे मला माझी स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका मंडळीत पंच निवडावयाचे होते. एका वृद्ध बंधूंचे नाव पुढे आले. ते शेतमजूर, अक्षरओळख बेताची, परंतु पंधरा वर्षे उपासनालयाची किल्ली व दानाची पेटी त्यांच्याकडे होती, आणि एका पैशाचा फरक कधी पडला नाही. मी सभेत म्हणालो, “ते बापडे भोळे आहेत, त्यांना ह्यात कशाला घालावयाचे?” सर्व हसले, तेही हसले. नाव मागे पडले. मी त्या वेळी मनात त्यांच्यावर उपकारच करीत होतो. पुढे ह्या शब्दाचा इतिहास वाचताना मला ती सभा आठवली, आणि इंग्लंडात ज्या लोकांनी धन्यास बापुडा केला व बापुड्यास मूर्ख केला, ते कोणी दुष्ट लोक नव्हते, माझ्यासारखेच कीव करणारे लोक होते, हे मला उमगले. मी त्या बंधूंकडे जाऊन क्षमा मागितली. त्यांना ती गोष्ट आठवत होती.

आपला ‘धन्य’ शब्द त्या उतारावर नाही असे समजू नका. “धन्य आहे बुवा तुमची!” हे आपण कोणास म्हणतो? ज्याने पीठ सांडले त्यास, ज्याने गाडी चुकविली त्यास. “धन्य ते गुरुजी आणि धन्य ते शिष्य” हे स्तुतीने म्हटलेले मी तरी फारा दिवसांत ऐकले नाही. रविवारी जो शब्द आपण डोंगरावरील प्रवचनात उभे राहून वाचतो, तोच सोमवारी विहिरीवर थट्टेने वापरतो. इंग्रजी शब्दाचा आरंभही असाच झाला असेल.

आणखी एक गोष्ट सांगून पुरे करितो. रॉबर्ट साउथवेल नावाचा एक इंग्रज कवी होता. तो रोमन पंथाचा धर्मगुरू. त्या काळच्या राज्यकर्त्यांनी, जे आपल्या प्रॉटेस्टंट पंथाचे होते, त्यास इ. स. १५९५ मध्ये लंडनात फाशी दिले. ही गोष्ट आपण लपवू नये. त्याच्या नाताळाच्या एका गीतात गव्हाणीत थंडीने कुडकुडणाऱ्या बाळ येशूस ‘सिली’ हे विशेषण लाविले आहे. त्या वेळी ‘मूर्ख’ हा अर्थ नुकताच रूढ होऊ लागला होता, तरी जुना अर्थ मेला नव्हता. वाचणाऱ्याने निष्पाप, निराधार असे समजावे. इ. स. १६२९ मध्ये मिल्टन कवीने ख्रिस्तजन्मावर काव्य केले, त्यात त्या रात्री मेंढरे राखणाऱ्या मेंढपाळांच्या मनातील विचारांस हेच विशेषण आहे. आज कोणी इंग्रज ते शब्द नव्याने लिहू धजणार नाही.

उपदेशक बंधूंस मी जे उत्तर कळविले ते असे : मुलीने आजीस सांगितलेला अर्थ आजच्या शाळेत चुकीचा ठरेल, परंतु चारशे वर्षांपूर्वी तो बरोबर होता, आणि आजीबाईंस तो मागे घेण्यास सांगू नये. पुढच्या बाजारी दोघींनी मिळून जावे. मिरची आजीने निवडावी, आणि काट्याकडे नातीने पाहावे.